कॅथलिक शाळेत मूल घालताना: नागपुरात नव्याने आलेल्या पालकांसाठी

नागपुरात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. गल्लीतील दोन खोल्यांची इंग्रजी माध्यमाची बालवाडीसुद्धा इथे कॉन्व्हेंट म्हणूनच ओळखली जाते, आणि शाळेच्या नावात ‘सेंट’ दिसले की ती मिशनऱ्यांचीच असणार असे धरून चालणारे पालक मला दर वर्षी भेटत आले आहेत. मी या शहरातील कॅथलिक शाळांत बावीस वर्षे मराठी शिकवली. माझे स्वतःचे कुटुंब कॅथलिक आहे आणि माझी दोन्ही मुले अशाच शाळांतून दहावी झाली. बदली होऊन किंवा भंडारा, गोंदिया, वर्धा या भागांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले पालक प्रवेशाच्या वेळी शुल्क, माध्यम आणि निकाल एवढेच विचारतात. मुलाला काही झाले तर ते कोणाला सांगेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पुढील सूचना त्या प्रश्नाभोवती आहेत आणि त्या मुख्यतः आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी आहेत.

शाळा नेमकी कोणाची, हे आधी समजून घ्यावे

नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालील भाग, १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचा, दर्जा मिळाला. त्याही आधी, १८७० मध्ये, सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एसएफएस’ शाळा सुरू झाली होती. ती सुरू करणारे धर्मगुरू फ्रान्समधील अनसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या धर्मसंघाचे होते. त्याच सदरमधील बिशप कॉटन शाळाही तितकीच जुनी आहे, परंतु ती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतून आलेली आहे. तिच्यावर कॅथलिक आर्चबिशपांचा अधिकार चालत नाही. नवख्या माणसाला हा फरक बारीक वाटेल, तरी व्यवहारात तो महत्त्वाचा आहे.

महत्त्वाचा अशासाठी की मुख्याध्यापकांनी तक्रार ऐकली नाही तर पुढे कोणाकडे जायचे, हे त्यावरून ठरते. शाळा महाधर्मप्रांताची असेल तर वरचा दरवाजा आर्चबिशपांच्या कार्यालयाचा असतो. ती एखाद्या धर्मसंघाची असेल, म्हणजे फादरांची किंवा सिस्टरांची, तर त्या संघाच्या प्रांतप्रमुखांचा असतो. आणि केवळ संताचे नाव घेतलेली खासगी संस्था असेल तर चर्चची कोणतीही यंत्रणा तिच्यामागे उभी नसते. म्हणून प्रवेश अर्ज घेतानाच कार्यालयात सरळ विचारावे: “शाळेचे व्यवस्थापन कोणाकडे आहे, आणि मुख्याध्यापकांच्या वर आम्ही कोणाला पत्र लिहू शकतो?” हे उत्तर लिहून घ्यावे. ज्या शाळेत त्याचे उत्तर सहज मिळते, तिथे पुढच्या बऱ्याच गोष्टी ठीक असतात, असा माझा अनुभव आहे.

शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का आणि ती अनुदानित आहे का, हेही याच वेळी विचारावे. अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. त्यामुळे २५ टक्के राखीव जागांचे प्रवेश अशा शाळांत होत नाहीत. यावरून काही पालक असा अर्थ काढतात की शारीरिक शिक्षेवरील बंदीही तिथे लागू नसावी. तसे समजू नये. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण करणे किंवा त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होतील असे वागणे, हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, आणि हा कायदा शाळा कोणाची आहे हे पाहत नाही. “जुन्या मिशनरी शिस्तीत थोडी छडी असायचीच” असे कौतुकाने सांगणारे माजी विद्यार्थी पुष्कळ भेटतील. त्यांचा मान राखून त्यांचे हे म्हणणे बाजूला ठेवावे.

पहिल्या भेटीत काय पाहावे

शाळा पाहायला जाताना शक्यतो मधल्या सुटीच्या वेळी जावे आणि इमारतीचा दर्शनी भाग, ग्रोटो (मारियेच्या मूर्तीची गुहा), बक्षिसांची कपाटे यांच्यापुढे न थांबता स्वच्छतागृहापर्यंत जावे. हे मी का म्हणते, ते सांगते. माझ्या वर्गात नववीत एक मुलगी होती. घरून भरून आणलेली पाण्याची बाटली ती संध्याकाळी तशीच भरलेली परत नेत असे. ते दिवस मार्चअखेरचे होते, ऊन चढू लागले होते आणि तिच्या आईला वाटत होते की मुलगी आळशी आहे. दोन महिन्यांत दोनदा लघवीच्या संसर्गाने ती आजारी पडली, तेव्हा कुठे मी तिला बाजूला घेऊन विचारले. मुलींच्या स्वच्छतागृहातील तीन दारांपैकी दोन दारांच्या आतल्या कड्या तुटलेल्या होत्या. दार धरायला मैत्रीण मिळाली नाही तर ती जात नसे, आणि जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नसे. आम्ही सर्व शिक्षिका त्याच मजल्यावर वावरत होतो, परंतु आमचे स्वच्छतागृह वेगळे होते. कडी बसवायला सुतारास वीस मिनिटे लागली.

तेव्हापासून मी प्रत्येक पालकास सांगते की दाराची कडी स्वतः लावून पाहावी, नळाला पाणी आहे का ते पाहावे, आणि सॅनिटरी पॅड कोणाकडे मागायचे हे मुलीला विचारून ठेवायला सांगावे. वर्गांच्या आणि विशेषतः कार्यालये, प्रयोगशाळा, समुपदेशन कक्ष यांच्या दारांना आतले दिसेल अशी काच आहे का, तेही पाहावे. कोणत्याही मोठ्या माणसाने, मग ते शिक्षक असोत, फादर असोत की शिपाई, एकट्या मुलाला बंद दाराआड घेऊन बसू नये, हा साधा नियम आहे, आणि काच असलेले दार तो नियम आपोआप पाळायला लावते.

बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने सर्व शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीबाबत कडक आदेश दिले. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय त्याआधीचा, मार्च २०२२ चा आहे. या गोष्टी आहेत का, असे विचारले तर “आहेत” हेच उत्तर सगळीकडे मिळते, म्हणून प्रश्न थोडे वेगळे करावेत. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते आणि ती कोणत्या वारी उघडली जाते? समितीवर पालकांपैकी कोण आहे आणि मागील बैठक कधी झाली? कंत्राटी कर्मचारी, म्हणजे बसचालक, सफाई कामगार, संगीताचे व खेळाचे बाहेरून येणारे शिक्षक, यांचीही पोलीस पडताळणी झाली आहे का? पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, नियम २०२० नुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी करणे आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करणे संस्थेवर बंधनकारक आहे. हे विचारताना अवघडल्यासारखे होते, विशेषतः समोर झगा घातलेली वयस्क सिस्टर बसलेली असेल तेव्हा. तरी विचारावे. चांगल्या सिस्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मूल वसतिगृहात राहणार असेल तर एक जास्तीची फेरी मारावी, तीही अंधार पडल्यावर. रात्री मुलांच्या मजल्यावर कोण झोपते, मुलाला घरी फोन करायला परवानगी मागावी लागते का, आणि तो फोन करताना शेजारी कोणी उभे असते का, हे तिथल्या मुलांनाच विचारावे.

ये-जा

शाळेची बस असेल तर महिला मदतनीस आणि शालेय परिवहन समिती असणे नियमानेच आवश्यक आहे. व्हॅन किंवा ऑटो ठरवणार असाल तर शाळेचा त्यावर किती ताबा आहे हे विचारावे, कारण बहुतेक वेळा तो व्यवहार पालक आणि चालक यांच्यातलाच असतो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळपाळीत भरतात, हे नवख्यांना ठाऊक नसते. वेळ बदलते त्या आठवड्यात मुलाला घ्यायला कोण येणार याचा घोळ हमखास होतो आणि फाटकाशी थांबलेले मूल उन्हात तास-तासभर उभे राहते. ती तारीख आधीच विचारून ठेवावी.

प्रार्थना, मिस्सा आणि आपला धर्म

नागपूरच्या कॅथलिक शाळांत बहुसंख्य विद्यार्थी हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम असतात. कॅथलिक मुले एका वर्गात दोन-चारच सापडतात. म्हणून श्रद्धेविषयीचे प्रश्न दोन बाजूंनी येतात.

प्रथम कॅथलिक नसलेल्या कुटुंबांविषयी. सकाळच्या सभेत प्रार्थना असते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना असल्याने त्या काळात रोझरी म्हटली जाते. शाळेच्या संताच्या सणाला मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, असते, जसा सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांचा २४ जानेवारीला आणि सेंट जोसेफ यांचा १९ मार्चला. यांपैकी कशातही भाग घेण्याची सक्ती मुलावर करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा शासकीय निधी घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेत शिकणाऱ्या व्यक्तीला, तिची स्वतःची, आणि ती अज्ञान असल्यास पालकांची संमती असल्याशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. यात अनुदानित आणि विनाअनुदानित असा फरक नाही. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना हेच कळवले की अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका म्हणून घ्यावी आणि शक्य तिथे सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनाकक्ष ठेवावा. प्रवेश अर्जात संमतीचे कलम बारीक अक्षरात असते. सही करण्यापूर्वी ते वाचावे, आणि हवे तर “प्रार्थनेच्या वेळी पाल्य शांत उभा राहील, सहभागी होणार नाही” असे शेजारी लिहून द्यावे.

दीक्षाभूमीच्या या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. बावीस प्रतिज्ञा मनापासून पाळणाऱ्या घरातील एक वडील माझ्याकडे आले होते. मुलाला सभेत ‘परमेश्वरा’ म्हणावे लागते आणि घरी आजोबांपुढे त्याचे मन खाते, असे ते फार संकोचाने सांगत होते. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून हात खाली सोडून, मान सरळ ठेवून, शेवटच्या रांगेत शांत उभा राहू लागला. शेजारचा मुलगा क्रुसाची खूण करत असे आणि हा त्याच्याकडे पाहतही नसे. आठवडाभरात कोणाला त्यात काही वेगळे वाटेनासे झाले. मात्र त्यासाठी वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवावे लागले होते. मुलाला एकट्याने नकार द्यायला पाठवू नये. तो नकार पालकांनी मोठ्या माणसाशी बोलून आधीच मोकळा करून ठेवावा.

आता कॅथलिक कुटुंबांविषयी. वसई किंवा गोव्याहून आलेल्या पालकांना सवय असते की गावातील चर्च, शाळा आणि शेजार एकच असतात. इथे तसे नाही. कॅथलिक माणसे शहरभर विखुरलेली आहेत आणि रविवारच्या मिस्सेला तमिळ, मल्याळी, कोकणी, छोटानागपूरकडील आदिवासी आणि मराठी कुटुंबे एकाच चर्चमध्ये भेटतात. म्हणून शाळेतील प्रवेश हीच धर्मग्रामातील (पॅरिशमधील) नोंद आहे, असे समजू नये. आपण जिथे राहतो तिथल्या धर्मग्रामात जाऊन कुटुंबाची नोंद वेगळी करावी आणि मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला सोबत न्यावा. दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) वय साधारण याच वर्गांत येते आणि त्याची तयारी बहुधा रविवारच्या धर्मशिक्षणात होते. दहावीच्या वर्षी शिकवणीसाठी सर्वांत आधी हाच रविवार कापला जातो. माझ्या थोरल्या मुलाचे तसेच झाले आणि मला त्याची खंत आहे, कारण त्या वर्षी त्याला त्या तासाची सर्वांत जास्त गरज होती.

कन्फेशन, म्हणजे प्रायश्चित्त संस्कार, याबद्दल एक गोष्ट प्रत्येक कॅथलिक पालकाने मुलाला स्पष्ट सांगावी. कन्फेशनमध्ये ऐकलेले धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत. हा चर्चचा अढळ नियम आहे. एखाद्या मुलावर अन्याय झाला आणि त्याने तो फक्त कन्फेशनमध्ये सांगितला, तर ऐकणारे धर्मगुरू कितीही कळवळले तरी त्यावर पुढे काही करू शकत नाहीत. ते फार तर मुलाला सांगू शकतात की हीच गोष्ट बाहेर येऊन मोठ्या माणसाला सांग. आणि कोणी मुलाच्या शरीराशी वाईट वागले असेल तर त्यात मुलाचे पाप काहीच नसते, त्यामुळे कबूल करण्यासारखेही काही नसते. पुष्कळ मुले लाजेपायी नेमके उलटे समजतात. कन्फेशन चॅपेलमध्ये, इतरांना दिसेल अशा जागी व्हावे. खोलीत दार लावून ते घेतले जात असेल तर मुलाने जाऊ नये आणि घरी सांगावे.

सांगण्यासाठी एक माणूस

आपल्याकडे फादर आणि सिस्टर यांच्याविषयी आदर असतो, आणि त्या आदराला पात्र असलेली माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत. परंतु हाच आदर मुलाचे तोंड बंद करू शकतो. “फादर असे करणारच नाहीत” हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले की मूल ते लक्षात ठेवते. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच मुलाला सांगावे की झगा घातलेल्या माणसालाही नाही म्हणता येते, त्यामुळे देव रागावत नाही, आणि तू सांगशील त्यावर आम्ही आधी विश्वास ठेवू. मग शाळेतील एका माणसाचे नाव मुलाकडून घ्यावे. ते नाव समुपदेशकांचे, चित्रकलेच्या बाईंचे, ग्रंथपालांचे किंवा कोणाचेही असू शकेल, मात्र ते मुलाने निवडलेले असावे.

मुलाने काही सांगितले तर त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. “नक्की का?” किंवा “तू तिथे गेलासच कशाला?” असे विचारू नये आणि तपशिलासाठी पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावेत. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर अंगावरचे कपडे धुवू नयेत. ते कागदात गुंडाळून ठेवावेत.

यानंतर बहुतेक पालक मुख्याध्यापकांना भेटायला जातात आणि तिथे त्यांना “आपण आतल्या आत चौकशी करू” असे सांगितले जाण्याची शक्यता असते. लैंगिक गुन्ह्याच्या बाबतीत हा पर्याय कायद्यात नाही. पॉक्सो अधिनियम २०१२ च्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होतो. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतील माणसाने तिथल्या मुलावर केलेला लैंगिक हल्ला हा कायदा अधिक गंभीर मानतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि पालकांच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर किंवा ११२ वर फोन करावा.

चर्चची व्यवस्था याशिवाय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या आदेशाने, अशा तक्रारी स्वीकारणारी व लोकांना सहज गाठता येणारी यंत्रणा धर्मप्रांतांत असणे आवश्यक केले आहे आणि धर्मगुरू व धर्मभगिनींवर अशी गोष्ट कळवण्याचे बंधन घातले आहे. देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही, हेही त्याच आदेशात आहे. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पोलीस, मग आर्चबिशपांचे कार्यालय किंवा प्रांतप्रमुख. “चर्चची बदनामी होईल” असे सांगणारे स्वकीयच भेटतील. चर्चवर माझेही प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच मी हा क्रम सांगते.

मनाचे आरोग्य

मारहाण दिसते, परंतु वर्गात एकटे पाडणे दिसत नाही. हिंदी-मराठी बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजीची टिंगल, जातीवरून टोमणे, आणि आता मुलांच्या मोबाइलवरील गटांतून फिरणारे फोटो, हे या वयातील सर्वांत नेहमीचे घाव आहेत. इंग्रजी न बोलल्याबद्दल शाळेने दंड किंवा पाटी गळ्यात घालण्यासारखी शिक्षा दिल्यास लेखी हरकत घ्यावी. डबा न संपणे, भरलेली बाटली परत येणे, सोमवारी सकाळी पोट दुखणे, आवडत्या तासाचे नाव न निघणे, यांतले काही दोन आठवडे टिकले तर वर्गशिक्षकांना भेटावे. समुपदेशक आठवड्यातून किती दिवस शाळेत असतात ते विचारावे, कारण काही शाळांत ते नाव केवळ फलकावर असते.

“प्रार्थना कर, बरे वाटेल” हे मी स्वतः मुलांना म्हटले आहे आणि प्रार्थनेने बळ मिळते असे मी मानते. परंतु झोप उडालेल्या, जगणे नकोसे झाले म्हणणाऱ्या मुलाला प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतात, आणि ते त्याच दिवशी लागतात. टेलिमानस या शासनाच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, विनामूल्य बोलता येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. दहावीच्या पूर्वपरीक्षेपासून निकालापर्यंतच्या महिन्यांत हा क्रमांक मुलाच्या स्वतःच्या वहीत असावा.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की मुलाला त्याने निवडलेल्या माणसाचे नाव पुन्हा एकदा विचारावे. जूनमध्ये निवडलेल्या बाई बदलून गेलेल्या असतात, किंवा मुलाचे मन त्यांच्यावरून उडालेले असते. नाव सांगायला मूल अडखळले, तर त्या आठवड्यात शाळेत जाऊन यावे.